भाताची आजी

श्रीपाद नाडगौडा मास्तरांना बेळगावात कोणी हसत नव्हतं असं म्हटलं तर ते धादांत खोटं होईल. सगळे हसायचे. फक्त मास्तर समोरून आले की लोक तोंड फिरवून हसायचे, कारण गावातल्या निम्म्या वकिलांना आणि झाडून सगळ्या कारकुनांना त्यांनीच छडीखाली त्रैराशिक शिकवलं होतं. छडी खाल्लेला माणूस पन्नाशीला आला तरी मास्तरांच्या तोंडावर हसत नाही.

आता मास्तरांचा दोष काय म्हणाल, तर दारू नाही, पत्ते नाहीत, नाटकाचा नादही नाही. रविवार उजाडला की धोतर गुडघ्यावर खोचायचं आणि कुठल्या तरी तळ्यात उतरून शेवाळ गोळा करायचं, एवढाच. अकरा वर्षं हे चाललं होतं. माणसानं वाईट नाद केला तर लोकांना त्यात गोडी काय ते कळतं तरी. शेवाळात काय गोडी आहे हे कुणालाच कळेना, म्हणून ते जास्त चिडायचे. घरात बायकोच्या, म्हणजे कल्याणीबाईंच्या, लोणच्याच्या सात बरण्या मास्तरांनी लाटल्या होत्या. त्यांत फॉर्मॅलिन, आणि फॉर्मॅलिनमध्ये शेवाळ. एकदा माहेरच्या एका पाहुण्यानं आवळा समजून त्यात चमचा घातला. तो पाहुणा पुन्हा कधी उतरायला आला नाही, आणि या नादातून घराला झालेला तो एकच फायदा, असं कल्याणीबाई सगळ्यांना सांगायच्या.

मास्तरांचा जीव मात्र सगळ्या शेवाळावर नव्हता. एकाच जातीवर होता. शास्त्रात तिला कारा म्हणतात. स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या तळाशी ती उभी वाढते, वीतभर, हिरवीगार. दांड्याला पेरं असतात आणि प्रत्येक पेराला बारीक फांद्यांचा गोल घेर. अंगावर चुन्याची पूड चढते, त्यामुळे बोटांत चुरली की करकर वाजते, आणि वास असा येतो की कच्चा लसूण बरा. फांद्यांच्या बेचक्यात शेंदरी ठिपके येतात ते नर, आणि त्यांच्या शेजारी लांबट बीज येतं ती मादी.

हिची भानगड अशी होती की हिला बसवायचं कुठं, हे विद्वानांनाच ठरवता येत नव्हतं. मास्तर वर्गात सांगायचे, “पंगतीला एक पाहुणा आलाय बघा. शेवाळवाले म्हणतात, आमच्यातलाच आहे, पण पेरं आणि घेर बघता जरा शिष्ट वाटतो. दगडावरच्या मॉसवाले म्हणतात, आमच्यासारखा दिसतो खरा, पण आमच्यातला नव्हे. आणि पाहुणा हातात द्रोण घेऊन उभा.” मुलं हसायची. हसून झालं की मास्तर पुढचं सांगायचे, ते ऐकायला कुणी जागं नसायचं. एके काळी सगळं हिरवं पाण्यात होतं. त्यातलं कुणीतरी एक जमिनीवर चढलं, आणि त्याच्या वंशात मॉस, नेचे, आंबे, भात, बाभळी सगळे आले. ते चढलं कोण? मोठमोठे ग्रंथकार दुसरीकडे बोट दाखवत. कारा ही त्यांच्या मते बाजूची गल्ली, पुढं बंद झालेली. मास्तरांचं म्हणणं, नव्हे. इतर शेवाळांचं बीज उघड्यावर असतं. काराच्या बीजाभोवती पेशींचं पांघरूण असतं, पीळ घालून घट्ट गुंडाळलेलं, बाळंतिणीनं पोराला गुंडाळावं तसं. हे पांघरूण घ्यायला जी शिकली तिचे वारस कोरड्यावर जगले. म्हणून वंशावळ लावायचीच तर जमिनीवरचा सगळा हिरवा गोतावळा हिच्या घराण्याला जाऊन मिळतो. मास्तरांना हे सगळं मनापासून पटलं होतं, आणि बेळगावात पटलेले ते एकटे होते.

खानापूरपलीकडे रानाच्या कडेला शिंपेवाडी नावाचं गाव. तिथल्या तळ्यात मास्तरांना जी कारा सापडली ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. कोगनोळीपासून लोंढ्यापर्यंत त्यांनी तळी पालथी घातली. ती फक्त इथंच होती.

पहिल्याच वर्षी मास्तरांनी बघितलं की गावकरी ती भाऱ्यानं उपटून शेतात खत म्हणून टाकतात. मग १९३४ सालच्या थंडीत त्यांनी लक्ष्मीच्या देवळात गाव जमवलं आणि व्याख्यान दिलं. पेशी आणि वर्गीकरण सांगून उपयोग नव्हता, म्हणून सोपं करून सांगितलं. “हे शेवाळ नव्हे. शेवाळ म्हणजे पाण्यावरची घाण. ही तुमच्या भाताची आजी आहे. पणजीची पणजी म्हणा. हिच्या घराण्यातलं कुणीतरी पाण्यातून वर आलं, म्हणून आज तुमच्या ताटात भात आहे.”

गावानं माना डोलावल्या. शहरातला माणूस काही सांगायला लागला की गाव माना डोलावतंच. पण पुढं बसलेली रुक्माबाई नावाची म्हातारी, तळ्याला लागून शेत असलेल्या भावकूची आई, म्हणाली, “म्हंजे भाताचं म्हायार पाण्यात. म्हणून त्याला अजून पाय पाण्यात लागत्यात.”

शास्त्राच्या दृष्टीनं हे साफ चूक होतं. मास्तरांनी ते दुरुस्त केलं नाही. नऊ वर्षांत आपलं म्हणणं ऐकून कुणीतरी त्यावर स्वतःचा विचार केला, याचंच त्यांना इतकं भरून आलं की त्यांनी तपकिरीची डबी काढायचं निमित्त करून मान खाली घातली.

त्यानंतर शिंपेवाडीत कुणी त्या वनस्पतीला हात लावला नाही. रुक्माबाईनं तळ्याच्या काठावर एक दगड मांडला, त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि भात मळून झाला की पहिल्या तांदळाचे चार दाणे आजीला म्हणून पाण्यात सोडायची रीत पाडली. दोन वर्षांत ती रीत सगळ्या गावाची झाली. मास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांना जरा लाज वाटली आणि पुष्कळ आनंद झाला.

आता १९३६ सालात या. मद्रासकडचे एक प्रोफेसर हिंदुस्थानातल्या सगळ्या कारांवर मोठा ग्रंथ लिहीत होते. मास्तरांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता. त्यांचं पत्र आलं: तुमची जात नवीन दिसते, पण पिकल्या बिजावरची नक्षी बघितल्याशिवाय ठरवता येत नाही. एकतीस मार्चच्या आत पिकलेला नमुना हाती आला तर ग्रंथात घेईन आणि जातीला तुमचं नाव देईन. नाहीतर ग्रंथ छापायला जाईल. माझं वय पाहता दुसरी आवृत्ती निघणार नाही.

मास्तरांनी हे पत्र कल्याणीबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “तुमचं नाव देणार म्हणजे घराण्याचं?” मास्तर म्हणाले, “नाडगौडा. लॅटिनमध्ये.” कल्याणीबाईंनी मुकाट्यानं आणखी दोन बरण्या धुऊन काढून दिल्या.

एक मार्चला मास्तर तळ्यावर गेले तेव्हा बिजं अजून हिरवी होती. तीन आठवडे थांबणं भाग होतं. बावीस मार्चच्या रविवारी ते खानापूरला गाडीतून उतरले, बैलगाडी केली आणि उन्हं चढायच्या आत शिंपेवाडीत पोचले. बूट काढले, धोतर खोचलं, आणि एक पाय पाण्यात घालणार तोच मागून भावकू धावत आला.

“मास्तर, थांबा. वार पाळलाय गावानं.”

तर झालं होतं असं. त्या वर्षी शिंपेवाडीत लक्ष्मीची यात्रा होती, चौदा वर्षांनी आलेली. यात्रेआधी पाच मंगळवार वार पाळायचा, त्या दिवशी नांगर नाही, जातं नाही, ही रीत या भागात सगळीकडे आहे. पण शिंपेवाडीचं सगळंच जरा वरचढ. इथं पहिल्या वारापासून यात्रा संपून देवी सीमेला जाईपर्यंत सव्वा महिना हिरव्याला हात लावायचा नाही. विळा नाही, खुडणं नाही, उपटणं तर नाहीच. गुरं भाताच्या वाळल्या पिंजरावर आणि माणसं हुलग्यांवर. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ हुलग्याचं माडगं पिऊन गावाचं तोंड आधीच वाकडं झालेलं होतं.

“अरे, मला चार काड्या हव्यात,” मास्तर म्हणाले.

“चार काय नि चाळीस काय. हिरवं ते हिरवं.”

मास्तरांनी हिशेब केला. देवी सीमेला जाणार एप्रिलच्या मध्याला. तोवर बिजं गळून चिखलात जाणार आणि ग्रंथ छापखान्यात. पाण्यात वाकून बघितलं तर बिजं काळी झाली होती, हात लांब केला तर लागतील इतक्यावर. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

भावकूला दया आली. त्यानं भरमू पाटलाला बोलावलं, पाटलानं पंच बोलावले, आणि देवळापुढच्या पिंपळाखाली बैठक बसली. भरमू पाटील मोठा समंजस माणूस. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, “मास्तर, नेम हिरव्याचा हाय. घाणीचा न्हाय. हिरीतलं शेवाळ आमी कालच काढलं. यात्रंला पाच-सात हजार पावनं येणार, तळं बी साफ करायचं ऱ्हायलंय. तवा तुमचं ते शेवाळ असंल तर खुशाल न्या. झाड असंल तर यात्रा हुईपतोर न्हाय. काय हाय ते तुमीच सांगा. तुमच्यापरास जास्त कुणाला कळतंय?”

बघा, केवढं सोपं काम! जगातलं कुठलंही पुस्तक उघडा, कारा शेवाळातच लिहिलेली. परीक्षेत पोरानं शेवाळ लिहिलं तर मास्तरांना त्याला पूर्ण गुण द्यावे लागले असते. मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात बायकांत बसलेली रुक्माबाई म्हणाली, “दोन सालाखाली ह्याच देवळात तुमी सांगितलासा, ह्ये शेवाळ न्हवं म्हणून.”

“सांगितलं होतं,” मास्तर म्हणाले.

“तिला मुळं हाईत का?”

“मुळासारखं असतं. मूळ नव्हे.”

“फळ?”

“फळासारखं असतं.”

“बीज पांघरुणात असतंय, म्हणलासा.”

“असतं.”

“मग ती भाताची आजी हाय का न्हाय?”

भरमू पाटलानं घसा खाकरला. “आक्का, असं आडवं-उभं नगं. भंडारा आणा. मास्तर भंडारा उचलून सांगतील त्यो निकाल.”

देवीपुढचं ताट आलं. मास्तरांचा देवावर फारसा विश्वास नव्हता आणि हळदीच्या पुडीला ते भीत नव्हते. त्यांना अडचण वेगळीच होती. अकरा वर्षं जगानं त्यांना जे म्हण म्हण म्हणून सांगितलं, तेच आज म्हणायचं होतं. घरी धुऊन ठेवलेल्या बरण्या त्यांना आठवल्या. प्रोफेसरांचं वय आठवलं. आपलं स्वतःचं वय आठवलं, छप्पन्न. मेल्यावर आपलं काय राहणार हेही त्यांनी मोजून बघितलं, तर मूल नाही, घर भाड्याचं, आणि विद्यार्थ्यांच्या तळहातांवरचे वळ एव्हाना गेलेले.

त्यांनी चिमूटभर भंडारा उचलला. “शेवाळ आहे,” ते म्हणाले. “पाण्यातलं शेवाळ. दुसरं काही नाही.”

पंचांनी माना डोलावल्या. रुक्माबाई पदर सावरून उठली आणि घरी निघून गेली.

मास्तरांनी दोन बरण्या भरल्या. एकही बीज त्यांनी गळू दिलं नाही. काठावर बसून त्यांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली: शिंपेवाडी, तालुका खानापूर, २२ मार्च १९३६, तळ्यात विपुल. दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी पार्सल टपालात पडलं. त्या आठवड्यात मास्तरांनी एकाही पोराला मारलं नाही.

शनिवारी तार आली. नवीन जात. अभिनंदन. इतर संग्रहांसाठी आणखी दहा नमुने शक्य तितक्या लवकर पाठवा.

कल्याणीबाईंनी शिरा केला. मास्तरांनी रविवारी पहाटेची गाडी धरली.

शिंपेवाडीत शिरताना त्यांना काठावर पांढरे ढीग दिसले. त्यांना वाटलं, यात्रेसाठी चुना आणून टाकलाय. जवळ गेले तेव्हा वासावरून कळलं. तळं रिकामं होतं. म्हणजे मधोमध पाणी होतं, स्वच्छ, तळ दिसेल असं, पण तळाशी काही नव्हतं. पंचवीस-तीस माणसं अजून गाळ उपसून गाड्यांत भरत होती.

भावकू चिखलानं माखलेला पुढं आला. तोंडभर हसत म्हणाला, “बगा मास्तर, चार दिसांत सगळं काढलं. काडी ठेवली न्हाय. दोन सालं तिच्यापायी तळं साफ करायचं थांबलोतो. तुमी भंडारा उचललासा नि वाट मोकळी झाली. गाळ बी दोन हात काढला. आता पावन्यांस्नी पाणी कसं बगा!”

मास्तर ढिगापाशी बसले आणि त्यांनी हात घातला. वरचं उन्हानं वाळून पांढरं झालं होतं, बोट लागलं की पूड. आतलं कुजलं होतं. ते खालपर्यंत उकरत गेले. दुपारपर्यंत सगळे ढीग उकरून झाले. दहा सोडा, एक धड काडी मिळाली नाही. भावकूनं त्यांना पाणी आणून दिलं आणि काय हरवलंय म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, “काही नाही.” मग म्हणाले, “माझंच चुकलं, भावकू.” भावकूला काही समजलं नाही. त्यानं आपलं मास्तरांना सावलीत नेऊन बसवलं.

काराचं बीज चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्या पावसाळ्यात त्यांनी गाळ पडलेली सगळी शेतं धुंडाळली. लावणीच्या बायकांशेजारी मास्तर वाकून उभे, हे दृश्य शिंपेवाडीनं सलग सात रविवार बघितलं. भाताखाली भातच होता. थंडीत तळं पुन्हा बघितलं. तिथं मासे होते.

ग्रंथ आला तो पुढच्या साली, संक्रांत झाल्यावर. सव्वादोन शेर वजन, जाड कागद, पान एकशे चौदा: कारा नाडगौडी. शाळेत हेडमास्तरांनी सभा घेतली, हार घातला. तोंड फिरवून हसणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कल्याणीबाईंनी ते पान देवापुढं ठेवलं. मास्तरांनी सगळं करवून घेतलं, आणि रविवारी ग्रंथ पंच्यात बांधून ते शिंपेवाडीला गेले.

रुक्माबाई परड्यात तांदूळ पाखडत होती. वर्षभर ती मास्तरांशी बोलली नव्हती. मास्तरांनी ग्रंथ तिच्या पुढ्यात उघडला. तिनं हात पदराला पुसले आणि चित्रावर बोट ठेवलं. पेरं, घेर, पिळाचं पांघरूण, सगळं नीट छापलं होतं.

“तीच हाय,” ती म्हणाली. “खाली काय लिवलंय?”

“गावाचं नाव आहे. शिंपेवाडी. तळ्यात विपुल.”

“विपुल म्हंजे?”

“खूप आहे म्हणून.”

म्हातारीनं मान वर करून तळ्याकडं बघितलं. तिथं दोन पोरी घागरी भरत होत्या.

“आनि कुणाच्या भावकीत घातलंय तिला?”

“शेवाळाच्या.”

“भाताच्या न्हाय?”

“नाही. तिची गल्ली पुढं बंद होते, असं लिहिलंय.”

“एवढ्या मोठ्या बुकात छापलंय तसं?”

“छापलंय.”

रुक्माबाई थोडा वेळ सुपातले तांदूळ नुसतेच हलवत राहिली. मग म्हणाली, “मग भंडाऱ्यावर तुमी खोटं न्हाय बोललासा. मला वाटलं, आजीला घाण म्हणलासा, ती तुमच्या गरजंपायी म्हणलासा. वरीसभर राग धरला म्या. चुकलंच माजं.”

मास्तरांना एवढंच करायचं होतं की मान हलवायची. ग्रंथ त्यांच्या बाजूचा होता, प्रोफेसर होते, पंच होते, आणि आता म्हातारीही होती.

“बोललो, आक्का,” ते म्हणाले. “खोटंच बोललो. ग्रंथात काहीही असो, ती भाताची आजीच.”

रुक्माबाईनं ग्रंथ मिटला, पंच्यात पहिल्यासारखा बांधला आणि मास्तरांच्या हातात दिला.